किनाऱ्यावरचा कॅमेरा : माओरी समाज आणि चित्रपट

जेन कॅम्पियन यांच्या 'द पियानो' या १९९३ सालच्या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. न्यूझीलंडच्या रानात येऊन वसलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी करमणुकीचा एक कार्यक्रम योजला आहे. पडद्यामागे दिवा लावून सावल्यांचा खेळ चालू आहे. खेळातील क्रूर नवरा बायकोवर कुऱ्हाड उगारतो. प्रेक्षकांत बसलेल्या माओरी पुरुषांना ते खरेच वाटते आणि त्या स्त्रीला वाचवण्यासाठी ते आरोळ्या देत रंगमंचावर धाव घेतात. पडदा, दिवे, नट यांची एकच धांदल उडते आणि आपण प्रेक्षक त्यांच्या भाबडेपणाला हसतो.

या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले आणि पुढे १९९४ साली तीन ऑस्कर पारितोषिकेही मिळाली. एका मुक्या स्त्रीच्या अंतःकरणाचा असा ठाव फार थोड्या चित्रपटांनी घेतला असेल, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यातील माओरी माणसे काय करतात? ती ओझी वाहतात, गोऱ्यांच्या चालण्याबोलण्याची नक्कल करून हसवतात आणि नायिकेच्या दुःखामागे हिरव्या अरण्यासारखी उभी राहतात. चेहऱ्यावर मोको, म्हणजे वंशाची ओळख सांगणारे गोंदण, ठळकपणे दिसते ते एका गोऱ्या पात्राच्या. त्याने रानाशी सलगी केली आहे एवढे सांगण्यापुरताच त्याचा उपयोग. एका समाजाची वंशावळ दुसऱ्याच्या प्रेमकथेचा अलंकार बनते.

आणि तरीही तो सावल्यांचा खेळ आमच्या मनातून जात नाही. कारण पुढे त्याच चित्रपटात नवरा खरोखरच कुऱ्हाड उगारतो, बायकोचे बोट तोडतो, आणि तेव्हा तिला वाचवायला कोणीही धावत नाही. मग भाबडे कोण होते? ज्यांना आपण हसलो ते, की जे शांतपणे बसून राहिले ते? दिग्दर्शिकेने हा विरोध जाणून योजला असो वा नसो, आमच्यापुरता तो माओरी समाज आणि चित्रपट यांच्या नात्याचे प्रतीक होऊन बसला आहे. चित्र खोटे असले तरी त्याचा घाव खरा असू शकतो, हे या समाजाला फार आधी कळले होते.

प्रस्तुत लेखात आम्हाला या नात्याचा थोडा मागोवा घ्यायचा आहे. त्यासाठी दोन शब्द इतिहासाचे सांगणे अवश्य आहे. माओरी लोक आपल्या भूमीला आओतेआरोआ म्हणतात. युरोपीय वंशाच्या माणसाला ते पाकेहा म्हणतात. १८३८ साली बिशप पोंपालिए यांनी होकिआंगा येथे त्या देशातील कॅथलिक मिशनचा पाया घातला. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ फेब्रुवारी १८४० रोजी, वायतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. कराराच्या इंग्रजी आणि माओरी मसुद्यांत अर्थाचे अंतर होते. त्या अंतरातून पुढे युद्धे झाली आणि १८६० नंतरच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर जमिनी गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर दुसरे स्थलांतर घडले. १९४५ साली सुमारे एक चतुर्थांश माओरी शहरांत राहत होते. १९८६ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ८० टक्क्यांवर गेले. चाळीस वर्षांत एक समाज गावाकडून कारखान्याकडे, कुळाच्या अंगणातून सरकारी चाळीकडे आला. पुढे ज्या चित्रपटांविषयी आम्ही लिहिणार आहोत, त्या सर्वांच्या पाठीशी हे दोन वियोग आहेत.

चित्रपटाचा कॅमेरा या देशात लवकर आला. १९१२ साली फ्रेंच निर्माते गास्तों मेलिएस दक्षिण समुद्रातील बेटांच्या प्रवासात न्यूझीलंडला उतरले आणि त्यांनी माओरी स्त्रीपुरुषांना घेऊन लहान प्रेमकथा चित्रित केल्या. पडद्यावरील माओरी तेव्हापासून दोनच रूपांत दिसू लागला : प्रेमात पडलेली राजकन्या किंवा भाला उगारलेला योद्धा. रुडॉल हेवर्ड यांनी १८६४ सालच्या ओराकाऊच्या लढाईवर 'रेवीज लास्ट स्टँड' हा मूकपट १९२५ साली काढला आणि १९४० साली त्याच नावाने बोलपट. ओराकाऊच्या गढीत सुमारे ३०० माओरी, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती, कितीतरी पट मोठ्या सैन्यासमोर तीन दिवस टिकून राहिले होते. हेवर्ड यांना त्या शौर्याविषयी खरा आदर होता, याविषयी शंका नाही. पण बोलपटाची कथा त्यांनी एका व्यापाऱ्याच्या आणि एका तरुणीच्या प्रेमाभोवती गुंफली, आणि पराभूतांचे शौर्य हे जेत्यांच्या राष्ट्रकथेतील एक सुंदर प्रकरण ठरले. शरण न जाणाऱ्याचा गौरव करणे सोपे असते. तो हरलेला असला म्हणजे तर अधिकच सोपे.

त्याच सुमारास दुसऱ्या जातीचे काम चालू होते. १९१९ ते १९२३ या वर्षांत डोमिनियन म्युझियमचे जेम्स मॅकडोनल्ड यांनी वांगानुई नदीकाठी आणि पूर्व किनाऱ्यावर हिंडून मासेमारीचे सापळे, विणकाम, खेळ, अन्न शिजवण्याच्या रीती यांची चित्रफीत घेतली. या कामामागे सर अपिराना न्गाता आणि ते रांगी हिरोआ या माओरी विद्वानांची प्रेरणा होती. या फिती पुढे अनेक वर्षे पडून राहिल्या. १९८० नंतर त्या दुरुस्त करून ज्यांची ती चित्रे होती त्यांच्या वंशजांना, त्यांच्याच माराएवर नेऊन दाखवण्यात आल्या. माराए म्हणजे कुळाचे सभास्थान, अंगण आणि कोरीव खांबांचे सभागृह. तेथे भिंतीवर दिवंगतांच्या तसबिरी लावलेल्या असतात आणि घरात शिरणारा माणूस त्यांनाही अभिवादन करतो.

आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. क्रुसाखाली आजीआजोबांचा फोटो लावून त्याला हार घालणाऱ्या घरांतून आपण वाढलो आहोत. तो फोटो म्हणजे कागद नव्हे, हे लहान मुलालाही कळते. माओरी माणसाच्या दृष्टीने पडद्यावर हलणारा पूर्वज हा असाच घरचा वडीलधारा असतो. तेव्हा त्याचे चित्र कोणी घ्यावे, कोणाला दाखवावे, कोणी जपावे, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. तो घरच्या माणसाच्या मानाचा होतो.

हा प्रश्न ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे मांडला ते बॅरी बार्कली होत. १९४४ साली जन्मलेले बार्कली न्गाती आपा जमातीचे. तरुणपणी ते धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ऑस्ट्रेलियातील रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या मठात गेले आणि काही वर्षांनी तो मार्ग सोडून परतले. त्यांच्या चित्रपटांतील दीर्घ शांतता आणि दुसऱ्याचे बोलणे पुरते होऊ देण्याची वृत्ती पाहताना आम्हाला मठातील त्या वर्षांची आठवण होते. हा आमचा तर्क आहे, एवढेच. १९७४ साली त्यांनी दूरदर्शनसाठी 'तांगाता फेनुआ' ही माओरी जीवनावरील सहा भागांची माहितीपटमाला दिग्दर्शित केली. त्या वेळी त्यांनी कॅमेरा बोलणाऱ्या वृद्धांच्या तोंडापाशी न नेता दूर ठेवला आणि लांब पल्ल्याची भिंगे वापरली. माणसे आपापसांत बोलत राहिली आणि यंत्र पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहिले.

१९८७ साली बार्कलींचा 'न्गाती' आला. माओरी दिग्दर्शकाने केलेला हा पहिला कथापट होय. तामा पोआता यांनी लिहिलेली ही कथा १९४८ सालच्या कापुआ नावाच्या काल्पनिक गावी घडते. एक मुलगा असाध्य रोगाने अंथरुणाला खिळला आहे. गावाला रोजगार देणारा मांसाचा कारखाना बंद होण्याच्या बेतात आहे. ऑस्ट्रेलियातून एक तरुण डॉक्टर येतो आणि आपली आई याच लोकांपैकी होती हे त्याला येथे कळते. एवढेच. मारामारी नाही, हाका नाही, आरोळी नाही. पण मूल आजारी असताना सारे गाव कसे पाळीपाळीने जागते, कारखाना बंद पडू नये म्हणून माणसे एकत्र बसून कशी निर्णय घेतात, हे ज्या संथपणे दाखवले आहे त्यातच या चित्रपटाचे वैभव आहे. नायक कोण, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. नायक गाव आहे.

पुढे २००२ साली ऑकलंड येथे दिलेल्या एका व्याख्यानात बार्कलींनी आपला विचार एका चित्रातून मांडला. 'बाउंटी' जहाजावरील बंडाच्या चित्रपटाचा दाखला देऊन ते म्हणाले की, जगातील बहुतेक चित्रपटांत कॅमेरा जहाजाच्या डेकवर उभा असतो. बेटावरील माणसे त्याला दुरून दिसतात. जहाज येते, त्यांना पाहते आणि निघून जाते. किनाऱ्यावर उभा असलेला कॅमेरा काय पाहील? तो त्या जहाजाला येताना पाहील, आणि ते गेल्यावरही तेथेच राहील. हाच दृष्टांत आम्ही या लेखाच्या शीर्षकासाठी घेतला आहे. चित्रपट तोलण्याची ही कसोटी आम्हाला फार मोलाची वाटते. एखादे चित्र समाजाला गोड दाखवते की कडू, हा तिच्यापुढे दुय्यम प्रश्न ठरतो. चित्र घेणारा नंतर त्या घरी पुन्हा जेवायला जाऊ शकेल काय, हे ती विचारते.

या कसोटीवर सर्वांत अवघड चित्रपट म्हणजे ली तामाहोरी यांचा १९९४ सालचा 'वन्स वेअर वॉरियर्स'. ॲलन डफ यांच्या १९९० सालच्या कादंबरीवरून तो घेतला असून पटकथा रिविया ब्राऊन यांची आहे. कादंबरीकार, दिग्दर्शक आणि पटकथाकार, तिघेही माओरी वंशाचे. चित्रपटाचा आरंभ प्रसिद्ध आहे. निळे सरोवर, हिरवी टेकडी, आकाश. मग कॅमेरा सरकतो आणि लक्षात येते की हा हमरस्त्याकडेचा जाहिरातीचा फलक आहे. त्याच्या खालून बेथ हेके खरेदीची ढकलगाडी लोटत चालली आहे. पर्यटकांना दाखवायचा न्यूझीलंड वर, आणि खरा देश खाली. एवढ्या थोड्या अवकाशात एवढे सांगणारा आरंभ आम्ही क्वचितच पाहिला आहे.

बेथचा नवरा जेक हा दारूच्या गुत्त्यातला राजा. गाणी म्हणणारा, मित्रांवर जीव टाकणारा, आणि घरी बायकोला रक्तबंबाळ करणारा. एका रात्रीच्या मेजवानीत मित्रासाठी अंडी तळून देण्याचे ती नाकारते. त्यानंतर जे घडते ते पाहताना मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या खटल्यासाठी तिला न्यायालयात जायचे असते, पण सुजलेल्या तोंडाने ती जाऊ शकत नाही. मुलाला सुधारगृहात पाठवले जाते. त्याला भेटायला म्हणून एके दिवशी सारे कुटुंब भाड्याच्या गाडीतून निघते. जेक वाटेत गुत्त्यापाशी थोडा वेळ थांबतो आणि ती भेट कधीच होत नाही. पुढे घरच्याच एका मित्राने अत्याचार केलेली तेरा वर्षांची ग्रेस, जिने वहीत गोष्टी लिहिल्या होत्या, ती जीव देते. बेथ तिचा देह आपल्या माहेरच्या माराएवर नेते. तेथे तांगी, म्हणजे मृताला मध्यभागी ठेवून कुळाने दिवसचे दिवस करायचा शोकविधी, होतो. जेक त्याला जात नाही. तो गुत्त्यात बसून राहतो.

हा चित्रपट आम्ही एका वयस्क स्नेह्यांबरोबर पाहिला. संपल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याच माणसांनी घरातली लक्तरे अशी वेशीवर टांगावी काय?" ते माओरी समाजाविषयी बोलत होते, पण त्यांचे मन आपल्या धर्मग्रामात होते, हे आम्हाला कळले. शनिवारी रात्री कोणाच्या घरातून कसला आवाज येतो आणि रविवारी मिस्साला कोणती बहीण डोक्यावरचा पदर अधिक पुढे ओढून बसते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते.

न्यूझीलंडमध्येही हाच आक्षेप घेतला गेला, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. डफ यांच्या कादंबरीत हेके कुटुंबाच्या वस्तीला लागून एका श्रीमंत पाकेहा कुटुंबाचे घर आहे. त्या घराच्या आवारातील झाडालाच ग्रेस गळफास घेते. चित्रपटाने ते घर पुसून टाकले. न्यायाधीश आणि पोलीस सोडले तर गोरा माणूस पडद्यावर जवळजवळ नाही. त्यामुळे जेकचा हात जणू आपोआप उठतो. त्याच्या मागची हिरावलेली जमीन, गाव सोडून आलेली पिढी, बुडालेली भाषा, हे सारे चौकटीबाहेर राहते. परक्या देशातील प्रेक्षक असा चित्रपट पाहून, हे लोक असेच असतात, एवढेच घेऊन घरी जाऊ शकतो. शिवाय 'योद्धा' हा शब्द ज्या जुन्या चित्रपटांनी या समाजाच्या कपाळी मारला, तोच येथे शीर्षकात आहे.

तरीही आमचे मत या चित्रपटाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण बेथ आहे. कादंबरीतील कथेचा भार रिविया ब्राऊन यांनी जेककडून बेथकडे वळवला. रेना ओवेन यांनी साकारलेली ही स्त्री उच्च कुळातली आहे, प्रेमासाठी घरच्यांच्या मनाविरुद्ध गेली आहे. मुलीला पुरल्यावर ती नवऱ्याला सोडते. तिच्या लेखी आपले पूर्वज योद्धे होते आणि हा मुठीचा व दारूचा गुलाम आहे. म्हणजे हिंसा ही परंपरा नव्हे, परंपरेचा विसर आहे, असा निवाडा घरच्याच बाईने दिला आहे. सुधारगृहातला धाकटा बूगी एका माओरी अधिकाऱ्याकडून पूर्वजांच्या काठीचे डावपेच शिकतो आणि रागाला वळण लावतो. टोळीत गेलेला थोरला भाऊ त्याला मोको काढून घेणार का विचारतो, तेव्हा तो आपला मोको आत असल्याचे सांगतो. 'द पियानो'मध्ये गोऱ्या गालावरचा अलंकार झालेली ती रेषा येथे परत मालकाच्या घरी आली आहे.

लक्तरे वेशीवर टांगू नयेत, हे खरे. पण घरात कोणी मरत असेल तर दार लावून बसणे ही अब्रू नव्हे. ज्या समाजाची इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली, त्याला आपल्याविषयी फक्त गोड चित्र हवेसे वाटणे साहजिक आहे. तो मोह टाळून आपल्या घरातील ग्रेसचे नाव मोठ्याने घेणे, याला आम्ही प्रेम म्हणतो. मात्र ते नाव बेथने घ्यावे. जहाजावरून दुर्बीण लावून पाहणाऱ्याने ते घेतले तर ती केवळ बातमी होते.

यानंतर 'व्हेल रायडर'कडे वळताना मनाला बरे वाटते, आणि तेथेच सावध राहावे लागते. विटी इहिमाएरा यांच्या १९८७ सालच्या कादंबरीवरून निकी कारो या पाकेहा दिग्दर्शिकेने तो २००२ साली केला. चित्रण कथेच्या मूळ गावी, फांगारा येथे, तेथील लोकांच्या सहभागाने झाले. जन्मताच आई आणि जुळा भाऊ गमावलेली पाई ही मुलगी, आणि वारसाला मुलगाच हवा म्हणणारे तिचे आजोबा कोरो. गावातल्या मुलांना ते जमवून शिकवतात आणि नातीला दूर बसवतात. शाळेच्या कार्यक्रमात ती आजोबांसाठी भाषण करते तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी असते. केशा कासल-ह्यूज या बालिकेने रडू आवरत केलेले ते भाषण पाहून कोणाचे डोळे कोरडे राहत असतील असे आम्हाला वाटत नाही. तेराव्या वर्षी तिचे नाव ऑस्करच्या सर्वोत्तम अभिनेत्रीच्या यादीत आले.

चित्रपट जगभर आवडला. तो आवडण्याजोगाच आहे. पण 'ही कथा कुठल्याही देशाची आहे' अशी जी स्तुती झाली, तिच्यावर बार्कलींनी आक्षेप घेतला. त्यामागचे दुखणे समजून घेतले पाहिजे. जगाला ही कथा ओळखीची वाटली, कारण हट्टी म्हातारा आणि परंपरा मोडणारी मुलगी ही जोडी जगाला आधीच ठाऊक होती. प्रत्यक्षात त्याच पूर्व किनाऱ्यावरील न्गाती पोरोउ जमातीत स्त्री-पूर्वजांची नावे धारण करणारी कुळे आणि सभागृहे आहेत. तेथे कर्तबगार स्त्रियांची स्मृती जुनी आहे. चित्रपटात मात्र परंपरा म्हणजे कोरोंचा नकार, आणि न्याय म्हणजे त्या नकाराचा पराभव, असे सोपे समीकरण होऊन बसते. पाईने जे मिळवले ते परंपरेतच होते, एवढी एक गोष्ट स्पष्ट झाली असती तर चित्रपट अधिक खोल गेला असता. शेवटी अर्धवट पडलेली होडी पुरी होऊन समुद्रात उतरते आणि सारे गाव एका तालात वल्ही मारते, तेव्हा कॅमेरा काही क्षण खरोखर किनाऱ्यावर उभा आहे असे वाटते.

कॅथलिक वाचकांसाठी आणखी दोन चित्रपटांचा उल्लेख अवश्य आहे. वांगानुई नदीकाठी हिरुहारामा नावाचे गाव आहे. हे जेरुसलेमचे माओरी रूप. तेथे मदर ऑबेर यांनी १८९२ साली करुणामय मातेच्या भगिनींचा संघ स्थापन केला. मूळच्या फ्रेंच असलेल्या या धर्मभगिनी माओरी भाषा शिकल्या, त्या भाषेचे पुस्तक त्यांनी लिहिले, रानातील वनस्पतींपासून औषधे केली. २०१२ सालचा 'हाऊ फार इज हेवन' हा माहितीपट त्या गावात राहणाऱ्या भगिनींचा आणि तेथील मुलांचा आहे. त्यात उपदेश नाही. वय झालेल्या बहिणी शाळेत मुलांबरोबर बसतात, गावाच्या सुखदुःखात भाग घेतात, आणि आपण येथे कोणाच्या घरी राहतो याचा त्यांना विसर पडलेला नाही. जहाजातून आलेला माणूस किनाऱ्याचा होऊ शकतो. मात्र त्यासाठी आयुष्य द्यावे लागते.

दुसरा चित्रपट 'कझिन्स', २०२१ सालचा. पॅट्रिशिया ग्रेस यांच्या १९९२ सालच्या कादंबरीवरून एन्स्ली गार्डिनर आणि ब्रायर ग्रेस-स्मिथ या दोन माओरी दिग्दर्शिकांनी तो केला. माता, माकारेता आणि मिसी या तीन चुलत-मावस बहिणी. मराठी कानाला 'माता' हे नाव वेगळाच अर्थ सांगते, पण पडद्यावरची माता ही आईवाचूनची पोर आहे. तिला आप्तांपासून तोडून अनाथालयात ठेवतात, तिचे नाव बदलतात, आपण कोणालाच नकोशा आहोत असे तिला वाटू देतात. एकदाच ती आपल्या माणसांच्या घरी सुट्टीला जाते. पुढचे सारे आयुष्य त्या आठवणीला धरून ती शहराच्या रस्त्यांवरून मुकाट चालत राहते, आणि बहिणी तिला शोधत राहतात. या चित्रपटात एकही दुष्ट राक्षस नाही. नीटनेटक्या खोल्या, धुतलेले कपडे, वेळेवर जेवण, आणि एका मुलीचे हरवलेले नाव.

ही केवळ कादंबरी राहिलेली नाही. न्यूझीलंडच्या शाही चौकशी आयोगाने जुलै २०२४ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली असलेल्या सुमारे २ लाख मुलांना आणि दुर्बल प्रौढांना १९५० पासूनच्या काळात छळ सोसावा लागला, असा त्याचा अंदाज आहे. त्यांत माओरी मुलांचे प्रमाण मोठे होते. या संस्थांत आपल्या ख्रिस्तसभेच्या संस्थाही होत्या. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी संसदेत जाहीर क्षमा मागितली. हिरुहारामाच्या भगिनींचा अभिमान बाळगताना हे दुसरे पान फाडून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. जेक आणि बेथच्या घरची लक्तरे पाहताना जी कसोटी आम्ही लावली, तीच स्वतःच्या घरालाही लागू पडते.

शेवटी पुन्हा ओराकाऊ. २०२४ साली माइक जोनाथन या माओरी दिग्दर्शकाने त्याच लढाईवर 'का फाफाय तोनू' हा चित्रपट केला. हेवर्ड यांच्या मूकपटाला तेव्हा ९९ वर्षे झाली होती. नवा चित्रपट बहुतांशी माओरी भाषेत आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी सेनापती नाही. गढीत अडकलेली एक मुलगी आणि ब्रिटिश सैनिकाचा माओरी आईपासून झालेला एक मुलगा, या दोघांच्या डोळ्यांनी आपण ते तीन दिवस पाहतो. जुन्या चित्रपटांत आपण गढीकडे पाहत होतो. येथे गढीतून बाहेर पाहतो. सेनानी रेवी मानिआपोटो यांची भूमिका टेमुएरा मॉरिसन यांनी केली आहे. तीस वर्षांपूर्वी जेक हेके झालेले नट ते हेच. गुत्त्यातल्या त्या मुठीपासून गढीतल्या या म्हाताऱ्यापर्यंतचा त्यांचा प्रवास हा माओरी चित्रपटाचाच प्रवास आहे, असे आम्हाला वाटते. मुलगी मध्ये आहे, म्हातारा बाजूला उभा आहे, आणि दोघेही आपल्या भाषेत बोलत आहेत.

आपल्या समाजाचाही पडद्यावर काही अनुभव आहे. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस म्हटला की हातात बाटली, तोंडी मोडके हिंदी आणि गळ्यात भला मोठा क्रूस, हे चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, कधी हसलो, कधी मनातून दुखावलो. पण त्या दुखावण्याचे आपण पुढे काय केले? आपल्या आळीतली भाषा, लग्नातली गाणी, विहिरीवरची बोलणी, आणि हो, बंद दारांआडचे रडणेही, कोणी टिपून ठेवले आहे काय? दुसऱ्याने आपल्याला खोटे दाखवले ही तक्रार रास्त आहे. माओरी कलावंतांनीही ती केली. मात्र तक्रार करून ते थांबले नाहीत. त्यांनी कॅमेरा उचलून आपल्या अंगणात आणला, म्हाताऱ्यांना विचारून ठेवला, आणि मग त्याच्यासमोर खरे बोलण्याचे धाडस केले.

वाचकांपैकी कोणाला हे चित्रपट पाहण्याचा योग आला, तर त्यांनी 'न्गाती'पासून आरंभ करावा आणि 'वन्स वेअर वॉरियर्स' मोठ्या मुलांबरोबर, लहानांना दूर ठेवून, पाहावा. पाहून झाल्यावर लगेच दिवे लावू नयेत. थोडा वेळ गप्प बसावे, आणि मग ज्याला बोलायचे असेल त्याला बोलू द्यावे. कदाचित त्या रात्री घरातलीच एखादी बेथ प्रथमच तोंड उघडेल.